४० चे ३/५ किती? संख्येतून अपूर्णांक काढायची रीत

‘४० चे ३/५ किती?’ असं अचानक विचारलं की भलीभली माणसं गप्प होतात. तीच माणसं ८० रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेतली तर साठ रुपये बरोबर काढून देतात. गणित दोन्हीकडे एकच आहे. बाजारात आडवी रेघ नसते आणि कागदावर असते, एवढाच काय तो फरक.

पाचवी-सहावीतल्या मुलाला शिकवायला बसलेले आईबाबा, स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारे, किंवा ज्यांचं गणित शाळेतच मागे राहिलं असे कोणीही, अशा सगळ्यांसाठी ही रीत लिहितो आहे. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. पहिली म्हणजे कृती: छेदाने भागा, अंशाने गुणा. दुसरी म्हणजे एक प्रश्न: कशाचा? कृती अर्ध्या तासात हाताखालून जाते. चुका होतात त्या हा प्रश्न न विचारल्यामुळे, म्हणून त्याच्यावर पुढे जरा रेंगाळणार आहे.

पहिली पायरी: खालचा आकडा आधी वाचा

३/५ आपण ‘तीन छेद पाच’ किंवा ‘तीन-पंचमांश’ असं वाचतो. वाचताना वरून खाली येतो, पण गणित खालून वर जातं. खालचा ५ हा छेद. तो सांगतो की पूर्ण वस्तूचे पाच सारखे वाटे करा. वरचा ३ हा अंश. तो सांगतो की त्यातले तीन वाटे उचला. ‘सारखे’ हा शब्द सोडायचा नाही. वाटे लहानमोठे झाले की अपूर्णांकाला अर्थच उरत नाही.

४० चे पाच वाटे केले: ४० ÷ ५ = ८.
असे तीन वाटे घेतले: ८ × ३ = २४.

झालं. ४० चे ३/५ म्हणजे २४.

मूल शेजारी असेल तर आधी आकडेमोड करूच नका. चाळीस चिंचोके किंवा शेंगदाणे घ्या आणि त्याला पाच सारखे ढीग करायला सांगा. मग कागदावर एक लांब पट्टी काढा, तिचे पाच चौकोन पाडा, प्रत्येकात ८ लिहा आणि तीन चौकोन रंगवा. न रंगवलेले दोन चौकोन म्हणजे ४० चे २/५, म्हणजे १६. आता २४ आणि १६ मिळवले की ४० पुन्हा जागेवर. हा ताळा पट्टीत आपोआप मिळतो, वेगळा शिकवावा लागत नाही.

आधी भागायचं की आधी गुणायचं?

पुस्तकात हे ४० × ३/५ असं लिहिलेलं दिसेल. ‘चे’च्या जागी गुणिले आलं, बाकी काही बदललं नाही. मग कोणी ४० × ३ = १२० करून १२० ला ५ ने भागतं. उत्तर २४ च येतं, रीतही चूक नाही. पण मोठी संख्या आली की या क्रमाने नाकी नऊ येतात. ६४० चे ७/१६ काढायचे असतील तर एक रस्ता म्हणजे ६४० × ७ = ४४८० आणि मग ४४८० ÷ १६. दुसरा म्हणजे ६४० ÷ १६ = ४० आणि ४० × ७ = २८०. दुसरा तोंडी होतो. माझा सल्ला साधा आहे: छेदाने नि:शेष भाग जात असेल तर आधी भागाच. भाग जात नसेल तेव्हा काय करायचं ते पुढे येतंच.

पाव, पाऊण आणि जुने पाढे

मराठी शाळांत पूर्वी पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाऊणकीत चाराला तीन, आठाला सहा, बाराला नऊ. म्हणजे संख्येचे ३/४ काढलेले तयार. औटकी ही साडेतीनची. ‘औट घटकेचा राजा’ म्हणतो त्यातलं औट हेच. घटका २४ मिनिटांची, म्हणून ते राज्य २४ × ३ + १२ = ८४ मिनिटांचं. एवढ्या वेळात शपथविधी तरी उरकेल की नाही शंकाच आहे.

हे पाढे आता कोणी पाठ करा असं म्हणणार नाही, पण त्यांच्यामागच्या युक्त्या मात्र घ्याव्यात.

पाव काढायचा तर अर्ध्याचं अर्धं करा. ८४ चं अर्धं ४२, त्याचं अर्धं २१. अष्टमांश हवा असेल तर आणखी एकदा अर्धं. बाजारात अजूनही ऐकू येणारं ‘अदपाव’ हे पावाचं अर्धं, किलोच्या हिशेबात १२५ ग्रॅम.

पाऊण काढायचं तर तीनने गुणत बसू नका, पूर्णातून पाव वजा करा. ८४ − २१ = ६३. हीच युक्ती जिथे अंश छेदापेक्षा फक्त एकने कमी असतो तिथे सगळीकडे चालते. ९६ चे ७/८ म्हणजे ९६ − १२ = ८४. ३५० चे ९/१० म्हणजे ३५० − ३५ = ३१५.

सोन्याच्या हिशेबात तिचा चांगला उपयोग होतो. शुद्ध सोनं २४ कॅरेट धरतात, म्हणून २२ कॅरेटच्या दागिन्यात २२/२४ भाग सोनं असतं. २२/२४ ला दोनने संक्षेप दिला, म्हणजे अंश आणि छेद दोघांनाही दोनने भागलं, की ११/१२. म्हणजे १२ ग्रॅमच्या साखळीत ११ ग्रॅम सोनं आणि १ ग्रॅम इतर धातू. ३० ग्रॅमचे पाटल्या-तोडे असतील तर ३० चा बारावा भाग अडीच, म्हणून ३० − २½ = २७½ ग्रॅम. हॉलमार्कवर दिसणारा ९१६ हा आकडा याच ११/१२ चा, हजार भागांत मोजलेला. १८ कॅरेट म्हणजे १८/२४, म्हणजे सरळ पाऊण, म्हणून तिथे ७५० असतं.

(सातबाराच्या उताऱ्याला मात्र अपूर्णांक समजू नका. ७/१२ असं लिहितात खरं, पण तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड आहे. तिथे कशाचेही बारा वाटे झालेले नाहीत.)

उत्तर मूळ संख्येपेक्षा मोठं आलं तर?

मुलांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो की अपूर्णांक काढला की संख्या लहान होते. ते अंश छेदापेक्षा लहान असतानाच खरं आहे. ६० चे ७/४ काढा: ६० ÷ ४ = १५, १५ × ७ = १०५. मूळ साठापेक्षा मोठं, आणि अगदी बरोबर. ७/४ म्हणजे पावणेदोन, आणि साठाची पावणेदोन पट एकशे पाच होणारच. अशा अपूर्णांकाला अंशाधिक म्हणतात.

पूर्णांकयुक्त अपूर्णांक आला, जसं १८ च्या २½ पट, तर त्याचा ५/२ करता येतो. पण तोंडी हिशेबात तुकडे पाडणं सोपं जातं: १८ ची दुप्पट ३६, वर निम्मे ९, एकूण ४५. सव्वाशे, दीडशे, अडीच हजार म्हणताना आपण हेच करत असतो. सव्वाशे म्हणजे शंभर आणि त्याचा पाव.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक नजर टाका. अंश लहान असेल तर उत्तर मूळ संख्येहून लहान हवं. अंश छेदाच्या निम्म्याहून जास्त असेल तर उत्तर निम्म्याहून जास्त हवं. ४० चे ३/५ काढताना कोणी ४० ÷ ३ करून ५ ने गुणलं, तर ६६ च्या पुढचं काहीतरी येतं आणि चूक तिथल्या तिथे दिसते.

भाग जात नाही तेव्हा

३६ चे ५/८ काढायचे आहेत. ३६ ला ८ ने भाग जात नाही. लगेच दशांश चिन्हाकडे धावू नका. ३६ आणि ८ या दोघांना ज्याने भाग जातो अशी मोठ्यात मोठी संख्या शोधा. ती ४ आहे. ३६ चे झाले ९, ८ चे झाले २. आता उरलं ९ × ५/२ = ४५/२ = २२½.

आधी संक्षेप, मग गुणाकार. ही सवय किती कामाची आहे ते भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या (इ. स. ११५०) एका कंजुषाच्या उदाहरणात दिसतं. याचकाने मागितल्यावर त्याने एका द्रम्माच्या (द्रम्म हे तेव्हाचं एक नाणं) निम्म्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊण भागाच्या पंचमांशाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला, तर किती दिलं? एका द्रम्माचे १६ ‘पण’ (हीही नाणीच), पणाच्या ४ काकिणी, काकिणीच्या २० कवड्या, म्हणून द्रम्म म्हणजे १२८० कवड्या. ओळीने करायला गेलात तर दुसऱ्याच पावलावर अडखळाल: १२८० चे निम्मे ६४०, आणि ६४० चे २/३ पूर्ण येत नाहीत. त्याऐवजी अपूर्णांकच शेजारी मांडा.

१/२ × २/३ × ३/४ × १/५ × १/१६ × १/४

पहिल्याचा खालचा २ आणि दुसऱ्याचा वरचा २ गेले. दुसऱ्याचा खालचा ३ आणि तिसऱ्याचा वरचा ३ गेले. पहिल्या तिघांचे मिळून उरले १/४. आता ४ × ५ × १६ × ४ = १२८०, म्हणजे उत्तर १/१२८०. एवढा आव आणून बाबाने दिली ती एक कवडी.

संक्षेप देऊनही अपूर्णांक उरला, तर उत्तर कशाचं आहे ते पाहून लिहा. २२½ रुपये म्हणजे २२ रुपये ५० पैसे. २२½ किलो म्हणजे २२ किलो ५०० ग्रॅम. पण माणसं असतील तर? तिथे गणित संपतं आणि नियम काय म्हणतो ते पाहावं लागतं. पक्षांतरबंदीच्या कायद्यात, म्हणजे राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, विलीनीकरणासाठी विधिमंडळ पक्षाचे किमान दोन-तृतीयांश सदस्य लागतात. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे विधानसभेत ५५ आमदार होते. ५५ चे २/३ म्हणजे ३६⅔. ‘किमान’ म्हटल्यावर ३६ पुरत नाहीत, म्हणून त्या दिवसांत सगळीकडे ३७ हा आकडा घुमत होता. २०१९ मध्ये ५४ आमदार निवडून आलेल्या राष्ट्रवादीसाठी तोच हिशेब नि:शेष सुटतो: ३६. राज्यसभेत ‘शक्य तितके जवळचे’ एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या जागा १९, तिसरा हिस्सा ६⅓. म्हणून २०२२ मध्ये ६, २०२४ मध्ये ६ आणि २०२६ मध्ये ७ अशी वाटणी होते. पहिल्या ठिकाणी अपूर्णांक वर ढकलला, दुसऱ्या ठिकाणी तो तीन फेऱ्यांत जिरवला.

दोन एककं एकत्र आली तर

२ एकर २० गुंठ्यांचे ३/४ काढायचे आहेत. एकराचे वेगळे, गुंठ्यांचे वेगळे असं करू नका. एक एकर म्हणजे ४० गुंठे, तेव्हा सगळं गुंठ्यांत आणा: ८० + २० = १०० गुंठे. त्याचे पाऊण ७५ गुंठे. परत एकरात: १ एकर ३५ गुंठे. वेळेचंही तसंच. अडीच तासांचे ५/६ हवेत तर १५० मिनिटे धरा, सहाने भागून २५, पाचने गुणून १२५, म्हणजे २ तास ५ मिनिटे. लहान एककात उतरा, वाटे करा, पुन्हा वर चढा.

कशाचा?

आता तो प्रश्न. अपूर्णांक एकटा कधीच नसतो, तो कशाचा तरी असतो. आणि उदाहरणात ‘कशाचा’ हे मध्येच बदलतं.

मराठ्यांच्या वसुलीचं उदाहरण घेऊ. १७१९ च्या मोगल सनदांनी शाहू महाराजांना दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मिळाली. चौथाई म्हणजे वसुलाचा १/४, सरदेशमुखी १/१०. समजा एखाद्या मुलखाचा वसूल ४,००,००० रुपये आहे (आकडा सोयीसाठी घेतला आहे). चौथाई १,००,०००, सरदेशमुखी ४०,०००. दोन्ही एकाच वसुलाचे भाग, म्हणून सरळ बेरीज: १,४०,०००. अपूर्णांकांतही जमतं: १/४ + १/१० = ७/२०, आणि ४,००,००० चे ७/२० तेवढेच.

पण चौथाई मग आतून वाटली जाई. तिचा १/४ भाग राजाची बाबती. हा १/४ वसुलाचा नाही, चौथाईचा. म्हणून बाबती १,००,००० ÷ ४ = २५,०००, म्हणजे एकूण वसुलाचा सोळावा भाग. उरलेला पाऊण हिस्सा, ७५,०००, तो मोकासा. मोकाशातून पंत सचिवांकडे सहोत्रा जाई, शेकडा सहा. आता सांगा, सहोत्रा किती? घाईने ७५,००० चे शेकडा सहा काढले तर ४,५०० येतात. पण सहोत्रा निघे मोकाशातून आणि मोजला जाई संपूर्ण चौथाईवर. म्हणून १,००,००० चे ६/१००, म्हणजे ६,०००. पैसे कुठल्या थैलीतून निघाले आणि भाग कशाचा मोजला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गण्या वाचतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं.

परीक्षेत हा प्रश्न ‘उरलेल्याचा’ या शब्दात लपलेला असतो. ६० रुपयांतले १/३ वह्यांवर गेले आणि उरलेल्याचे १/४ पेनांवर. वह्या २०. उरले ४०. त्याचा पाव १०. शिल्लक ३०. ‘उरलेल्याचे’ नजरेतून सुटलं की ६० चा पाव १५ धरला जातो आणि शिल्लक २५ येते. मुलाला ‘उरलेल्याचा’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल करायला लावा, आणि त्या क्षणी उरलेली संख्या लिहूनच पुढे जायला सांगा.

यात एक छोटी वाटही आहे. खर्च झालेल्यापेक्षा उरलेल्याचे अपूर्णांक धरा. पहिल्या खर्चानंतर २/३ उरतात, दुसऱ्यानंतर त्यांचे ३/४. २/३ × ३/४ = १/२. साठाचं निम्मं तीस.

उलट दिशा

कधी भाग दिलेला असतो आणि पूर्ण शोधायचं असतं. एका संख्येचे ३/८ म्हणजे ४५, तर ती संख्या कोणती? तीन वाटे मिळून ४५, म्हणून एक वाटा १५, आणि आठ वाटे १२०. कृती उलटी झाली: अंशाने भागा, छेदाने गुणा. कुठली कृती कुठे हे पाठ करू नका, नाहीतर ऐन वेळी गोंधळ होतो. पहिल्यांदा नेहमी एक वाटा काढा. तो सापडला की पुढचं आपोआप सुचतं.

याच प्रकारातलं लीलावतीतलं एक उदाहरण मला फार आवडतं. कमळांच्या राशीतला १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला आणि १/४ देवीला वाहिला. उरलेल्या सहा कमळांनी गुरूंच्या चरणांची पूजा केली. कमळं किती होती?

भास्कराचार्यांची रीत इष्टकर्माची, म्हणजे एक सोयीची संख्या मानून चालण्याची. ३, ५, ६ आणि ४ या सगळ्यांनी भाग जाईल अशी ६० माना. भाग पडतात २०, १२, १० आणि १५. बेरीज ५७, उरली ३. प्रत्यक्षात ६ उरली आहेत, म्हणजे दुप्पट. तर मानलेल्या ६० चीही दुप्पट: १२० कमळं. ताळा पाहा: ४० + २४ + २० + ३० = ११४, उरली ६. इथे चारही भाग मूळ राशीचे आहेत, ‘उरलेल्याचे’ कुठेच नाही, म्हणूनच ते एकाच ६० मधून काढता आले.

हात बसवण्यासाठी

१. ७२ चे ५/९.
२. १,२०० चे ११/१२. (गुणू नका, वजा करा.)
३. ३ एकर २० गुंठ्यांचे २/७.
४. ९० मीटर कापडातलं १/३ विकलं, उरलेल्याचे २/५ शिवायला दिलं. शिल्लक किती?
५. ज्या संख्येचे ७/८ म्हणजे ८४, ती संख्या.
६. ५० चे ३/८.
७. ४१ सदस्यांचे किमान दोन-तृतीयांश.

उत्तरं: ४०, १,१००, १ एकर, ३६ मीटर, ९६, १८¾, २८.

सातव्यात २७ आले असतील तर ‘किमान’ पुन्हा वाचा. चौथ्यात २४ आले असतील तर तुम्ही २/५ हे ९० मीटरचे काढलेत, उरलेल्या ६० चे नाहीत.